ऑस्ट्रियाला गेलेला गोलकीपर

संग्राम कोल्हापूरचा, पेठेच्या संघाचा गोलकीपर. २०११ साली तो न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला शिकायला आला आणि शिक्षण संपल्यावर दूध पावडरच्या कारखान्यात लागला. लग्न झालं, विभावरी पुण्याहून आली आणि एका वृद्धाश्रमात नर्स झाली. आठवडाभर कामं आणि रविवारी फुटबॉल, असा संसार चालला होता.

क्लब साधाच होता. प्लंबर, सुतार, दोन शिक्षक. कॅप्टन ग्रँट तरुणपणी एक सीझन ऑस्ट्रियातल्या ओबरवाल्डाऊ नावाच्या लहान गावाच्या क्लबकडून खेळून आला होता. त्या क्लबचा लाल-पांढरा मफलर बारच्या वर टांगलेला असे. बियरचा ग्लास हातात घेऊन ग्रँट तिथल्या गोष्टी सांगायचा. डोंगराच्या पायथ्याशी मैदान, मॅचला अख्खं गाव हजर, गोलकीपरला बेकरीत पाव फुकट. बाकीचे ऐकून कंटाळले होते. संग्राम मात्र दर वेळी नवीन काहीतरी विचारायचा. ग्रँटला याची मजा वाटू लागली.

२०१५च्या जानेवारीत संग्रामला फोन आला. जर्मन वळणाचं इंग्लिश. "मी ओबरवाल्डाऊहून हूबर बोलतोय. आमच्या गोलकीपरचा पाय मोडला. ग्रँटने तुझं नाव सुचवलं. राहायची सोय आम्ही करू. सध्या टूरिस्ट व्हिसावर ये, पुढचं इथे बघू."

हूबर म्हणजे ग्रँटचा मेहुणा होता. त्याच्या शेजारी बसून क्लबमधले चौघे तोंड दाबून हसत होते.

संग्रामने ग्रँटला विचारलं. ग्रँट म्हणाला, "हो, मीच सुचवलं तुला. जा, मित्रा."

विभावरीने विचारलं, "लेखी काही आलंय का?"

"लहान गावात तोंडीच चालतं. आमच्या पेठेत कोण लिहून देतंय?"

कारखान्यात एवढी रजा मिळेना, म्हणून त्याने राजीनामा दिला. वर्क व्हिसा त्याच नोकरीवर होता, हे विभावरीने दोनदा बजावलं. तो म्हणाला, "आयुष्यात एकदा कुणीतरी बोलावलंय." कोल्हापूरला चुलतभावाने, प्रकाशने, चौकात त्याचा भलामोठा डिजिटल फलक लावला.

तिकीट काढल्याचं त्याने क्लबमध्ये सांगितलं, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. गंमत इतकी पुढे जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण सांगायचं कुणी? प्रत्येकाला वाटलं, ग्रँट सांगेल. ग्रँटला वाटलं, व्हिसा मिळणार नाही. व्हिसा मिळाला.

ओबरवाल्डाऊचं मैदान बर्फाखाली होतं. क्लबच्या खोलीत अध्यक्षबाई एकट्याच भिंत रंगवत होत्या. संग्रामने हात जोडले, नाव सांगितलं, हूबरसाहेब कुठे आहेत म्हणून विचारलं.

"इथे हूबर नावाचं कुणी नाही," त्या म्हणाल्या.

त्यांच्या गोलकीपरचा पाय धडधाकट होता. ग्रँटचं नाव मात्र त्यांना आठवलं. त्यांनी जुना नंबर शोधून फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. हॅमिल्टनमधून ग्रँटचा आवाज आला, "थांबा, तो खरंच पोचला?" मागे कुणीतरी खो-खो हसलं. बाईंनी घाईने फोन बंद केला. त्यांचे कान लाल झाले होते. संग्राम ओल्या बुटांकडे बघत उभा राहिला.

त्यांनी त्याला घरी नेलं, गरम सूप दिलं. दुसऱ्या दिवशी जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये सराव होता, तिथे त्याला गोलमध्ये उभं राहू दिलं. तो जीव तोडून खेळला. शेवटी कोच शांतपणे म्हणाला, "चांगला आहेस. पण आमचा तिसरा गोलकीपर तुझ्यापेक्षा चांगला आहे, आणि तो सतरा वर्षांचा आहे."

हे कुणी गंमत म्हणून बोललं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.

परतला तोवर कारखान्यातली जागा भरली होती. मग विभावरीच्या व्हिसावर तिचा नवरा म्हणून राहायचं, मिळेल तिथे पॅकिंग करायचं, असे दिवस आले. पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज मागे पडला. प्रकाश फोनवर विचारायचा, "मॅच टीव्हीवर दावणार हाईत का नाय?" संग्राम सांगायचा, "गुडघा दुखावलाय."

एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला आणि तो परत क्लबमध्ये गेला. कुणी माफी मागितली नाही. पाठीवर थापा मात्र भरपूर पडल्या. सप्टेंबरात बक्षीस समारंभ होता. ग्रँटने 'वर्षातला सर्वोत्तम प्रवासी' म्हणून त्याचं नाव पुकारलं आणि पिसाची हिरवी ऑस्ट्रियन टोपी पुढे केली. हॉल टाळ्यांनी दणाणला. संग्रामने ती घातली. "भाषण, भाषण," लोक ओरडले, तेव्हा तो म्हणाला, "सूप फार छान होतं." लोक टेबलं बडवून हसले.

विभावरी उठून बाहेर गेली. तो आला तेव्हा ती गाडीत समोर बघत बसली होती.

"कशाला घातलीस ती?"

"नसती घातली तर रविवारी खेळायला कुठे जाऊ?"

तिने गाडी सुरू केली. मैदानावर ती पुन्हा कधी आली नाही. संग्राम मात्र २०१९ मध्ये बोट मोडेपर्यंत त्याच क्लबकडून खेळला. त्याच्या जागी नवा गोलकीपर आला, त्याला पहिल्याच दिवशी ग्रँटने बारपाशी बसवून संग्रामच्या ऑस्ट्रियावारीची ती गोष्ट सुरुवातीपासून ऐकवली. संग्राम शेजारीच होता. ग्रँटकडून मधला एक प्रसंग सुटला, तो त्याने स्वतः भरून सांगितला.