नाईटचा आठवडा

आमच्या घरात पोरीला चालता यायला लागल्यावर पहिली गोष्ट शिकवली ती टाचा उचलून चालायची. आमचे हे रोह्याजवळ धाटावला केमिकल कंपनीत, प्लांटवर. एक आठवडा फर्स्ट म्हणजे सकाळची पाळी, एक आठवडा सेकंड म्हणजे दुपारची, एक आठवडा नाईट. नाईट करून आलेला माणूस सकाळी साडेसातला कंपनीच्या बसमधून उतरतो, आंघोळ करतो, दोन घास खातो आणि झोपतो तो तीनपर्यंत. तेवढ्या वेळात रोह्यात काय वाट्टेल ते होवो, आमच्या घरात भांड्याला भांडं लागायचं नाही. झोप नीट नाही झाली आणि प्लांटवर डुलकी लागली तर काय होतं, हे त्या भागात राहणाऱ्या बायकांना सांगावं लागत नाही. म्हणून मी कडक होते. पोर दोन वर्षांची असताना पाहुण्यांकडे बघून ओठांवर बोट ठेवायची. लोक म्हणायचे, किती गुणाची पोर गो, घरात हाय का नाय कळत पण नाय. आणि मी फुगायचे.

हे लिहायच्या आधी लेकीला विचारलं. ती म्हणाली, लिही, पण नाव घालू नको आणि मला बिचारी करू नको. म्हणून नावं कुणाचीच नाहीत. ती आता अकरावीत आहे. गोळ्या चालू आहेत, महिन्यातून एकदा पेणला डॉक्टरांकडे जातो. बरे दिवस असतात, वाईटही असतात. मी लिहितेय ते माझ्यासारख्या फटकळ आयांसाठी, ज्यांना वाटतं आपलं पोर आपल्याला आतून-बाहेरून माहीत आहे.

ती दहावीत गेली आणि तिचं झोपणं वाढलं. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. रविवारी तर दिवसभर. रात्री तिच्या खोलीतला दिवा चालू दिसायचा, मला वाटायचं अभ्यास करते. दहावी म्हणजे काय, पोरं रात्री जागतातच. मग मी काय केलं असेल? नाईट झालेल्या माणसासाठी जे करतात तेच. तिच्या खिडकीला जुनी गोधडी लावली. उजेड नको, झोप मोडायला नको. वर शेजारणीला कौतुकाने सांगितलं की आमच्याकडे आता दोन दोन नाईटवाले झालेत. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

बाकीच्या गोष्टी दिसत नव्हत्या असं नाही. दिसत होत्या, पण मी त्यांना वेगळीच नावं दिली. केस आठ आठ दिवस धुवायची नाही, त्याला मी म्हटलं आळस. डबा तसाच परत यायचा, म्हटलं बाहेरचं खात असणार. मैत्रीण दोनदा दारात येऊन गेली, ही बाहेर आली नाही, म्हटलं मिजास. एकदा मी तेल लावायला बसवलं तर वाटी हातातून हिसकावून भिंतीवर मारली. लहानपणापासून कधी आवाज न चढवलेली पोर. मी तिला म्हटलं, ही थेरं माझ्यापुढे चालायची नाहीत. मग मोबाईल काढून घेतला. सगळं खापर मोबाईलवर फोडलं की आईबापांना जरा बरं वाटतं. मोबाईल दिला तिने, मुकाट्याने, आणि परत कधी मागितलाच नाही. तेव्हा तरी मला चरका बसायला हवा होता. मी मात्र म्हटलं, बघा, कशी सुतासारखी सरळ आली.

मी बाजारात एका बाईंच्या दुकानात ब्लाउज शिवते. सव्वादहाला लेक आणि मी एकदमच निघायचो, कोपऱ्यावर ती शाळेकडे वळायची, मी बाजाराकडे. दाराला लॅच आहे, तिघांच्या तीन किल्ल्या. नाताळच्या आधी तिच्या वर्गशिक्षिकांचा दुकानात फोन आला की भेटायला या. गेले. त्यांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. एक आठवडा गैरहजर, दोन आठवडे हजर. पुन्हा एक आठवडा गैरहजर. बाई चांगल्या होत्या, हळूच म्हणाल्या, घरी काही अडचण आहे का? मी कॅलेंडरवर यांच्या ड्युट्या लिहून ठेवते, त्या मला तोंडपाठ असतात. गैरहजरीचा प्रत्येक आठवडा यांच्या नाईटचा होता.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे मला तसं वाटलं. बाप मेल्यासारखा झोपलेला, आई दुकानात, घर मोकळं. पोरगी बरोबर आठवडे हेरून शाळा बुडवते. कोपऱ्यावरून फिरून मागे यायची, लॅच उघडून आत, आणि हे उठायच्या आत पुन्हा बाहेर. यांना विचारलं तर म्हणाले, दाराचा आवाज यायचा कधी कधी, मला वाटायचं तूच काय तरी विसरलीस. मी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी तिला समोर उभं केलं. काय करत होतीस घरात?

"पडून राहायचे."

"शाळा बुडवून पडून राहायचं? काय होतंय तुला?"

"काय नाय."

"कोण येतं का घरी?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की माझा हात सुटलाच. जोरात लागली असणार, कारण माझाच तळवा झिणझिणला. ती रडली नाही. हे मधे पडले, "सोड गो, वय हाय तसं." मी यांच्यावरच उलटले. तुम्ही झोपा, तुम्हाला तेवढंच येतं. आणि तिच्या दप्तरातून घराची किल्ली काढून माझ्या पर्समध्ये टाकली. आता बघते कशी घरी येतेस, असं मी म्हणाले. अगदी याच शब्दांत.

दोन आठवडे सगळं शिस्तीत चाललं. मी स्वतःवर खूश होते. तिसऱ्या आठवड्यात यांची नाईट लागली. मंगळवारी बाराच्या सुमाराला दुकानातला फोन वाजला. बाजारात मासळी घेऊन बसणारी एक कोळीण आहे, माझ्याकडूनच पोलकी शिवून घेते. कुणाच्या तरी मोबाईलवरून बोलत होती. "गो, तुझी पोर नदीवर, कुंडलिकेच्या घाटावर बसलीय. मी हाय तिच्याजवळ. तू ये, पन धावत येऊ नको, तिला घाबरवू नको."

मी कशी पोचले मला सांगता येणार नाही. घाटाच्या पायरीवर ती बसलेली, दप्तर मांडीवर. चपला काढून बाजूला जोडीने ठेवलेल्या. त्या चपला बघितल्या आणि पुढच्या पायऱ्या मी टाचा उचलून उतरले. कोळीण तिला चिकटून बसली होती, पाटी तिकडे कुठेतरी टाकून, आणि तिला तिच्या सुनेच्या डोहाळ्यांबद्दल काहीतरी सांगत होती. मला बघून म्हणाली, "तासभर बसलोय आम्ही दोघी. मी तिला सोडली नाय." मी लेकीशेजारी बसले. ती म्हणाली, "आई, मला बरं नाय वाटत." मी म्हटलं, "व्हय गो." एवढंच.

कोळणीच्या पुतण्याला अशाच मनाच्या आजारात पेणच्या एका डॉक्टरीणबाईंनी बरं केलं होतं. तिनेच पत्ता दिला. नाहीतर मी, खरं सांगते, आधी अंगारा बघितला असता. त्या रात्रीच्या नाईटला यांनी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पेणला निघालो. माझं माहेर पेणजवळचं, म्हणून शेजारी सांगितलं माहेरी चाललोय. "मधेच गो? कोण आजारी हाय का?" मी म्हटलं, नाय, सहजच. झाकली मूठ ठेवायची सवय. एसटीत नागोठण्यापर्यंत हे तिच्या शेजारी बसले होते आणि खिडकीची काच उगाच वर-खाली करत होते. भावाच्या घरावरून गेलो आणि उतरलो नाही. माहेरच्या दारावरून परक्यासारखी गेले ती त्या दिवशी.

डॉक्टरीणबाई माझ्या वयाच्या. आधी लेकीला एकटीला आत घेतलं, मग आम्हाला. यांना विचारलं, कधीपासून वाटतंय बदल झालाय? हे प्लांटवर तासातासाला मीटरचं रीडिंग लिहितात, वीस वर्षं, एक चुकलेलं नाही. यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी नाक वर करून सुरुवात केली, मोबाईल, हट्ट, उलट उत्तरं, खोटेपणा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "या वयातली मुलं उदास झाली की मोठ्यांसारखी रडत बसतीलच असं नाही. चिडतात, वस्तू फेकतात, झोपून राहतात, अभ्यास सोडतात. घरच्यांना वाटतं माजली. हा आजार आहे, ताई. त्याला औषध आहे, वेळ लागेल."

मी विचारलं, "माझं काय चुकलं?"

"ते आपण नंतर बघू. आधी तिला एकटी सोडायची नाही. आणि मरावंसं वाटतं का, हे तिला सरळ शब्दांत विचारायचं. मी विचारलंय. तुम्हीही विचारा."

हे दचकले. आमच्याकडे असलं अभद्र तोंडातून काढत नाहीत, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. मी तसं बोललेसुद्धा. त्या म्हणाल्या, "विचारल्याने ते डोक्यात जात नाही. असतं ते बाहेर येतं. आणि ती बोलायला लागली की समजावू नका, ऐका." सांगायला सोपं. ज्या बाईचं तोंड कधी बंद नसतं तिला ऐका म्हणून सांगायचं.

मग लेकीला आत बोलावलं. माझ्या आणि यांच्या मधल्या खुर्चीवर ती बसली. बाईंनी तिला विचारलं, मला सांगितलंस ते यांना सांगशील? जमेल तेवढंच. ती ओढणीचं टोक पिळत राहिली.

"मी शाळा बुडवायला नव्हते येत घरी," ती म्हणाली.

माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं. देवाशपथ, गिळलं.

"बाबा असतात म्हणून यायचे."

हे पुढे सरकले. "पन मी तर झोपलेला असायचो."

"व्हय. पण घोरता ना. भिंतीतून ऐकू येतं. ते ऐकू येत असलं की मी स्वतःला काय करून घेणार नाय, असं वाटायचं." ती खाली बघूनच बोलत होती. "सेकंडला तुम्ही जागे असता, शाळेत का नाय गेली म्हणून विचारलं असतंत. फर्स्टला घरात कोणच नसतं. तेव्हा मी शाळेत जायचेच. तिथं माणसं असतात."

मी हजेरीपटावरून तिला चोर ठरवलं होतं. ती आपल्या जिवाला राखण शोधत होती, आणि ती राखण म्हणजे झोपलेला बाप. मला रडू फुटलं. बाईंनी मला रडू दिलं.

मग पदराने डोळे पुसून मी विचारलं, "मग मंगळवारी गो? बाबा तर घरीच होते."

"आले होते ना. दाराशी उभी होते. खूप वेळ. किल्ली नव्हती."

हे खुर्चीवरून उठलेच. प्लांटवरचा दणकट माणूस, आवाज चिरका झाला. "अगो मग बेल मारायचीस. दार बडवायचंस. मी उठलो नसतो काय?"

तिने आधी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आम्ही काहीतरी भलतंच विचारल्यासारखं.

"तुमची नाईट होती ना," ती म्हणाली. "तुम्ही झोपला होतात."