अनोळखी नंबर

शहाद्यात भांड्यांच्या दुकानामागेच हुलासबाईंचं घर. सुरतच्या नातीचं तोंड बघायला म्हणून त्यांच्या हाती मोबाइल आला. एकदा समाजातल्या कुणाच्या तरी नावाने लग्नपत्रिका आली. त्यांनी कौतुकाने बोट लावलं. पत्रिका काही दिसली नाही, पण तीच फाइल त्यांच्या नावाने साऱ्या गोतावळ्यात गेली. नणंदेने ती उघडली आणि तिचं बँकेतलं खातं धुऊन निघालं.

मग घरात त्यांच्यावर हात तेवढा उचलला नाही कुणी. पाहुण्यांसमोर नवरा, इंदरमलशेठ, म्हणायचे, "हिला चहाचं विचारा, फोनचं नको." मुलगा महावीर सुनेसमोर त्यांच्याकडून पाठ म्हणवून घ्यायचा.

"अनोळखी नंबर म्हणजे कोण, मम्मी?"

"चोर."

"अपघात झाला म्हणाला तर?"

"तरी चोर. कापायचं, ब्लॉक करायचं."

त्या मंगळवारी शेठ माल घेऊन धडगावला गेले होते. दुपारी अनोळखी नंबर वाजला.

"शेठाणी, मी रूपसिंग, शेठसंगे जीपमध्ये होतो. घाटात जीप उलटली. शेठला लई लागलंय—"

हुलासबाईंनी फोन कापला, शेठना लावला. बंद. घाटात तो नेहमीच बंद लागायचा. तेवढ्यात दुसऱ्या नंबरावरून फोन आला. या वेळी कुणी बोलेना, नुसती घरघर. त्यांचं डोकंच फिरलं.

"तुन्हासारखा भामटा देखेल शेतस मी! तठेच मर!"

असले भामटे खूप पाहिलेत, मेला तिथेच मरू दे, असं पुटपुटत दोन्ही नंबर ब्लॉक करून त्या सुनेकडे गेल्या. किती दिवसांनी मान वर होती. "शिखा, आज मी चोर ओळखला." शिखाने हसत दुकानात फोन लावून नवऱ्याला सांगितलं. पलीकडून महावीर म्हणाला, "शाब्बास, मम्मी!"

संध्याकाळी धडगावहून आलेल्या ड्रायव्हरने दुकानात बातमी आणली. दवाखान्यात नेईपर्यंत शेठ संपले होते.

बैठकीला गाव लोटलं. महावीर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "साधा फोन घेता आला नाही हिला. वेळेवर गाडी पाठवली असती मी." शिखा खाली बघत पाणी वाटत होती. हुलासबाई दाराआडून ते ऐकत होत्या.

पाचव्या दिवशी रूपसिंग शेठचा चष्मा घेऊन आला. त्या दाराआडून म्हणाल्या, "भाऊ, काही बोलले का ते?"

"बोलता येत नव्हतं. खुणेनं खिशातल्या डायरीतला तुमचा नंबर दाखवून फोन लावायला सांगितला. पहिला कापला तुम्ही. मग दुसऱ्याचा मोबाइल घेऊन त्यांच्या कानालाच धरला."

हुलासबाईंनी विचारलं, "ऐकलं त्यांनी?"

रूपसिंगने पायांवरच्या धुळीकडे बघितलं. "हो."

त्याने पाणी घेतलं नाही. परतीची जीप सुटेल म्हणाला आणि निघाला.