ठमाबाईंचा जुना पाट

पेणजवळच्या जोहे गावच्या नम्रताला कॉम्प्युटरची भीती कधी वाटली नव्हती. माहेर रोह्याचं, बारावीनंतर कोर्स केलेला. भीती वाटली ती यंदाच्या आषाढात, सासरे गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात.

सासरे म्हणजे दत्तात्रेय अण्णा, गणपतीचे मूर्तिकार. साच्यातून गणपती कुणीही काढेल, पण डोळ्यांची आखणी अण्णांनीच करावी. दोनशे बारा घरांचे गणपती, आणि प्रत्येक घराची नजर वेगळी. कुणाचा हसरा, कुणाचा जरा करडा. गिऱ्हाइकानं घरचा पाट आणून टाकायचा, "दरसालसारखा" म्हणायचं आणि चहा पिऊन निघायचं. मूर्ती पाटावर बसली की अण्णा चहूबाजूंनी पाच-सहा फोटो काढत, आणि नम्रता ते त्या घराच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवी. आता आखणी तिच्या हातात आली होती आणि त्या हाताला आधार फक्त या फोटोंचा होता.

जुना कॉम्प्युटर भावाचा, हितेशचा. रोह्याजवळ धाटावला कंपनीत असतो, त्यानंच त्यावर फुकटातलं लिनक्स टाकलेलं. ते यंत्र धापा टाकायला लागलं, म्हणून विंडोजवाला नवा आला. नम्रतानं सगळे फोल्डर एका झिपमध्ये बांधले, पेन ड्राइव्हवरून नव्यात उतरवले. आकडा जुळला, अकरा हजार चारशे फोटो. मग काय विचारता! पेन ड्राइव्ह रिकामा करून त्यावर आरत्या भरल्या, आणि जुना कॉम्प्युटर हितेशनं पुसून विकूनही टाकला. फोल्डरची नावं मात्र कुणी वाचून बघितली नव्हती.

बघितली तेव्हा मराठी नावांच्या जागी नुसत्या रेघा, चौकटी आणि कसलीतरी चिन्हं. फोटो शाबूत होते, पण कुठला गणपती कुणाच्या घरचा, पत्ता नाही.

"ताई, एका सिस्टीमची लिपी दुसरीला कळली नाय," हितेश फोनवर म्हणाला. "तू आधी बघितलं नायस?"

दोनशे बारा घरांत नम्रताच्या चुकीनं परक्या नजरेचा देव बसणार होता. ती एकेक फोटो उघडून बघे, पण घाबरलेल्या माणसाला सगळे गणपती सारखेच दिसतात.

त्यात कासूहून ठमाबाई आल्या. दरसाल पहिली आखणी त्यांच्याच गणपतीची. काखेत नवाकोरा, सनमायका लावलेला पाट.

"नातवानं, मिथुननं करून दिला गो. बरा हाय ना?"

नम्रतानं पाट बघितला, मग पडद्यावरचा फोटो. असला चकचकीत पाट कुठल्याच फोटोत नव्हता. एकाचा कोपरा जळका, एकावर हळदीचा डाग, एकाला मधोमध चीर. चेहरे ओळखू येत नव्हते, पाट येत होते!

"आजी, जुना पाट कुठाय?"

"न्हाणीत टाकलाय बसायला. का गो?"

सांगायची हिंमत झाली नाही. ती त्यांच्याबरोबरच पेणहून गाडीनं कासूला गेली आणि न्हाणीतला ओला पाट पदरानं पुसून उन्हात धरला. वाळवीनं खाल्लेली कड, तीन पितळी खिळे. मोबाइलवर फोटो काढून परतली. एकशे सदतिसावं फोल्डर उघडलं, तेव्हा तेच तीन खिळे दिसले. वर अण्णांनी आखलेले, किंचित खाली झुकलेले डोळे.

बाकीच्या घरांचे पाट येतील तसे फोटोंशी जुळवायचे होतेच. पण आधी तिनं कुंचला उचलला.

चार दिवसांनी ठमाबाई बघायला आल्या. मूर्तीपुढे खाली वाकल्या.

"डोळे तेच हायत," त्या म्हणाल्या. "पण यंदा जरा घाबरल्यासारखा वाटतोय गो."

नम्रतानं मग सगळं सांगून टाकलं. फोल्डर, आरत्या, न्हाणी, सगळं. "तो नाही, आजी. मीच घाबरलेय."

ठमाबाईंनी पुन्हा एकदा मूर्तीकडे बघितलं.

"ऱ्हाऊ दे मग तसाच," त्या म्हणाल्या. "दत्तूचा पहिल्या वर्षाचा पण असाच व्हता."