बाभळीबुडचा डबा

"ह्या टाचण्या कुणी टोचल्या? बोल की! कुणी टोचल्या?" असं वराडत त्या बाईनं माझा दंड धरला तो सोडंचना, माझ्या कडंवरचं लेकरू भिऊन रडाय लागलं आन माझ्या मागं आमच्या पोरी एकमेकीला चिकटून हुब्या. बाईच्या दुसऱ्या हातात आमचा डबा हुता. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, त्याला काळा दोरा गुंडाळलेला, आत बटाट्याच्या फोडी, लाल माखलेल्या, सुकून सुरकुतलेल्या, आन फोडीफोडीत टाचण्या. डबा आमीच ठेवलेला. पण आठ दिस उनात पडल्यावर त्याच्याकडं बघून मलाच कसंतरी झालं. करणी केल्यासारखंच दिसत हुतं सगळं.

आता हे कसं झालं ते सांगतो, कारण न्हायतर तुमाला वाटंल ही बाई येडी हाय.

संस्थान जाऊन दोनचार वर्षं झालती. आमच्या शिवाजी पेठेत पोरींच्या शाळेत एक नवीन बाई आल्या, त्यांनी ऐतवारी पोरींचं स्काउटासारखं पथक सुरू केलं. माझी नणंद त्यात. आत्याबाई, म्हंजे माझी सासू, एकटीला सोडीनात, म्हणून लेकरू काखंत मारून मी पाठराखीण जायाचो. मी चौथी पास, पुढं लगीन झालं. पण त्या बाई मला बी पोरींतच धरायच्या.

त्यांनी एका इंग्रजी मासिकात एक खेळ वाचलेला. विलायतेत लोक माळावर डबा लपवत्यात, आत एक शिक्का आन एक वही ठेवत्यात, आन कुठं ठेवलाय त्याच्या खुणा लिवून ठेवत्यात. दुसऱ्यानं खुणा वाचत जायाचं, डबा हुडकायचा, डब्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत मारायचा, आन डबा हुता तसा परत ठेवायचा. कुणी जिकत न्हाय, कुणी हरत न्हाय. पोरींना पटंना, म्हणल्या, "मग आत चिरमुरं तरी ठेवा की बाई!"

शिक्क्याला रबर कुठलं मिळतंय? बटाटं कापून त्यावर चिमणी, चांदणी, तुळस कोरली. शाई म्हणून कुंकू खोबरेल तेलात कालवलं. बटाटा हातातनं निसटाय लागला तसं माझ्या नणंदंनं वर टाचण्या टोचल्या, धराय. सगळ्यांनी तिचं बघून टोचल्या. वहीसुद्धा ठेवली आत. झाकण बसंना म्हणून मी लेकराच्या करदोट्यातला उरलेला काळा दोरा गुंडाळला. रंकाळ्याच्या पल्याड, शेताकडं जाणाऱ्या पाणंदीच्या तोंडाला बाभळीच्या बुडात निम्म्या पोरींनी डबा ठेवला, आन खुणा लिवल्या. उरलेल्या निम्म्यांनी पुढच्या ऐतवारी हुडकायचा. त्या निम्म्या घेऊन मी आलतो. शाळेच्या बाई दुसऱ्या वाटंनं येणार हुत्या, त्या अजून पोचल्या नव्हत्या.

आन बाभळीच्या बुडाला डबा नव्हता. डबा हातात घेऊन ही दंड धरणारी बाई हुती.

"माझं पोर तीन दिस झालं पडलंय," ती म्हणली. "तवाच आमच्या म्हाताऱ्याला हे घावलं. आमी कुणाचं काय वाईट केलंय गं?"

"अक्का, हा खेळ हाय, पोरींचा खेळ..."

"खेळ! टाचण्या टोचून कुठला खेळ खेळता गं पेठंत?"

वही दाखवली तर म्हणली, "मला वाचाय येतंय व्हय? त्यात तर नावंच लिवली असतील!"

बाभळीपल्याड त्यांची खोप, तिच्या दारात तिचा सासरा घोंगडं टाकून बसलेला. तो म्हणला, "देवरुष्याला सांगावा धाडलाय. सांजंला येतोय. तवर हिला सोडू नको."

आत पोर निजलेलं. मी वाकून बघितलं. डोळं आत गेलेलं, ओठ वाळलेलं, रडतंय पण डोळ्यात पाणी न्हाय. जुलाब. माझी पहिली लेक अशीच गेली. घरात अंगारा लावत बसली सगळी, दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर म्हणलं, काल आणायची. ते "काल" माझ्या कानात अजून हाय.

मी म्हणलं, "अक्का, डबा बिबा राहू दे, ह्याला आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्यूया. सांज बघू नको."

ती म्हणली, "करणी न्हाय म्हणतीस न्हवं? मग ठेव तुझ्या पोराच्या डोक्यावर हात. आन ह्याच बटाट्याचा शिक्का मार त्याच्या कपाळावर. मग मी मानतो. मग नेतो."

शपथ खरी हुती, त्यात काय न्हाय. पण पहिली गेल्यावर आत्याबाईंनी देवीम्होरं मला कबूल करून घेतलेलं, की लेकराची शपथ म्हणून कधी घ्यायची न्हाय. खरी असू दे न्हायतर खोटी, शपथ लेकराचं आयुष्य खाती म्हणायच्या. आन मी शिकलेली असतो तर हसलो असतो. मी चौथी पास. तो लाल बटाटा हातात घेतला. दोरा माझ्याच लेकराचा. काय चिकटत असंल तर? हे कुणाला इचारायचं? पोरी माझ्या तोंडाकडं बघाय लागल्या. नणंद हळूच म्हणली, "वैनी, नको. आईला काय सांगायचं?"

आत पोर कण्हलं.

मी माझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या कपाळावर चिमणी उठवली. वाकडी उठली, कुंकू वाळलेलं, थुकी लावून उठवावी लागली. ते हसलं. त्याला वाटलं खेळच.

त्या बाईनं पोर उचललं. म्हातारा आडवा आला तर म्हणली, "सरका मामंजी!" शाळेच्या बाई सडकंवर भेटल्या, त्यांनी दवाखान्याला जायाला टांगा थांबवला. पोर वाचलं.

आन माझ्या लेकराला त्याच आठवड्यात ताप आला. डॉक्टर म्हणले ऊन लागलं. आत्याबाई काय म्हणल्या ते लिवत न्हाय. ताप उतरला, पण आमचं पथकात जाणं बंद झालं ते झालंच.

बाजारच्या दिशी ती बाई पत्ता हुडकत आली. डबा राखंनं लख्ख घासलेला, आत शेंगा भरलेल्या. आत्याबाईंनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाय. तिनं बाहेरनंच माझ्या लेकराच्या कपाळाकडं बघितलं, बोटं मोडून दिष्ट काढली आन गेली.

डबा फळीवर हाय. लेकरू नुसतं शिंकलं तरी मी पैलं त्याचं कपाळ बघतो, तिथं काय नसतंय, तरी बघतो. बायांनो, खरं सांगा. तुमचं एक गेलेलं, दुसरं कडंवर, आन म्होरं तिसऱ्या कुणाचं तसंच पडलेलं. तुमी ठेवला असता हात?