सुपारीवरून पडल्याचा जबाब

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. तो जबाब माझ्याच अक्षरात आहे.

श्रीवर्धनच्या बाजूला एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. चैत्र संपत आला होता. दवाखान्यातून फोन आला, माणूस झाडावरून पडलाय. पोहोचलो तेव्हा वॉर्डच्या दाराबाहेर डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मणका गेलाय. हा आता चालणार नाही. त्याला अजून सांगितलेलं नाही."

मी मान डोलावली आणि आत जाऊन जबाब घ्यायला बसलो. जखमी माणूस गॅरेजमधला मिस्त्री, चाळिशीचा. उशाशी गॅरेजचे शेठ उभे.

"सुट्टी व्हती साहेब. शेजारच्या वाडीत सुपारी काढाया चढलो, पाय सरकला. माझी कोनावर तक्रार न्हाय."

मी तसंच लिहिलं, वाचून दाखवलं, सही घेतली. बाहेर शेठनी चहा पाजला, तोही प्यालो. मी घाटावरचा माणूस, मला काहीच खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या वाडीचे म्हातारे मालक तणतणत ठाण्यात आले. "साहेब, माझ्या वाडीचं नाव कागदावर आलंच कसं? सुपारी थंडीतच उतरून झाली. आता काय तो कावळ्याची अंडी मोजायला चढला व्हता?"

ठाणे अंमलदार खाली मान घालून हसला. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक, ते मला ठाऊक नव्हतं.

उशाशी उभे असलेले शेठ आठवले आणि तडक त्यांचं गॅरेज गाठलं. तिकडे ट्रक जॅकवर उचलला की खाली लोखंडी स्टँडऐवजी जांभ्या दगडाचा चिरा लावायची सवय. फुकट मिळतो, हाताशी असतो. घराच्या भिंतीला चिरा उत्तम, पण ट्रकच्या भाराखाली फुटायला त्याला वेळ लागत नाही. जमीन धुतलेली होती, तरी भिंतीच्या कडेला लाल भुगा राहिलाच होता. एक फुटका तुकडाही सापडला. पंचनामा केला आणि मिस्त्रीच्या जोडीच्या कारागिराला ठाण्यात बोलावलं.

आवाज चढवावा लागला नाही. तो तुकडा फक्त टेबलावर ठेवला. कारागीर रडायलाच लागला.

"चिरा फुटला साहेब, ट्रक त्याच्या कंबरंवर बसला. शेठ बोलले, झाडाचं नाव सांगा, न्हायतर गॅरेजला टाळं लागंल."

मी पुन्हा दवाखान्यात गेलो. तोवर मिस्त्रीला पायांचं कळलं होतं. आता त्याने खरं सांगितलं, मी दुसरा जबाब लिहिला. दोन महिन्यांत बरा होशील, तुझी जागा राखून ठेवतो, असा शब्द शेठनी दिला होता. तो शब्द त्याने खरा मानला होता.

गुन्हा दाखल झाला, शेठना अटक झाली, जामीनही झाला. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र त्यांच्या वकिलाने पहिला जबाब पुढे केला. गॅरेजात हजेरीपट नव्हता, नेमणुकीचा कागद नव्हता. साक्षीदार म्हणून तो एकच कारागीर, आणि तो अजून त्याच गॅरेजात कामाला होता. त्याने साक्ष फिरवली. दुसरा जबाब पोलिसांनी दबावाने घेतला, असं वकील म्हणाला. मग त्याने मला विचारलं, "पहिल्या जबाबातलं अक्षर तुमचंच ना?"

मी होय म्हणालो. दावा फेटाळला गेला.

पुढे नोकरीत येणाऱ्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी सांगत आलो: जबाबाआधी मालकाला वॉर्डबाहेर काढा, आणि जखमीला त्याचं काय झालंय ते डॉक्टरांकडून आधी कळू द्या. चांगला नियम आहे. त्या मिस्त्रीला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, याची लाज मला आजही वाटते.

निकालाच्या दिवशी व्हरांड्यात त्याची बायको त्याची खुर्ची ढकलत नेत होती. मला बघून त्याने तिला थांबवलं.

"साहेब, त्या दिशी जबाब लिवताना, माझं पाय गेल्यात हे तुमाला ठावं व्हतं?"

"होय," मी म्हणालो.

मग तो बायकोला म्हणाला, "चल, यष्टी चुकंल."