दिलसुखनगरचा रस्ता आणि माझ्या मागची माणसं

आधीच सांगते, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा ठेवायला जाणारी बाई आहे मी. नारायणगुड्याच्या शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला. तरी हे लिहितेय, कारण आता मनात ठेववत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हप्त्यांवर गाड्या मिळायला लागल्या आणि आमच्या दिलसुखनगरचा मेन रोड बघता बघता वैरी झाला. ना सिग्नल, ना पट्टे. मग आम्हीच एक पद्धत पाडली – एकट्यानं उतरायचं नाही. चारपाच जण जमले की कुणीतरी "चलो!" म्हणायचं आणि हात दाखवत सगळ्यांनी एकदम निघायचं. जो पहिला पलीकडे पोचेल, त्यानं शेवटचा माणूस येईपर्यंत हात वर धरून उभं राहायचं. त्या रस्त्यानं कितीतरी जणांना खाल्लं होतं हो!

त्या दुपारी अण्णा, माझे वडील, पलीकडच्या नर्सिंग होममध्ये श्वासासाठी तडफडत होते. तिथं नसलेलं इंजेक्शन अलीकडच्या मेडिकलमधून घेतलं, रस्त्याच्या कडेला आले... तर सोबतीला चिटपाखरू नाही, गाड्या मात्र सुसाट. मे महिन्याचं ऊन. हात दाखवला, पाऊल टाकलं – हॉर्न! मागे. पुन्हा पाऊल, पुन्हा मागे. समोर अण्णांची खिडकी दिसतेय आणि मला जाता येत नाहीये! भर रस्त्यात रडायला लागले मी. "अहो, कुणीतरी या ना!" म्हणून ओरडले. मग हात वर धरला, डोळे मिटले आणि सरळ चालू लागले.

ब्रेक करकरले. मागे चपलांचा आवाज... वाटलं, आले बाई लोक! पलीकडे पोचताच हात खाली टाकून नर्सिंग होमच्या जिन्याकडे धावले. वळून पाहिलंसुद्धा नाही.

अण्णा वाचले. संध्याकाळी मी खाली उतरले, तर दारातला एक ऑटोवाला तावातावानं अंगावरच आला. "क्या अम्मा, इत्ते लोगां कू रोड पे लाके छोड़ दिए!"

"कौन लोगां? मैं अकेली थी."

"अकेली? वो लोगां कू देखकेच तो मैं ब्रेक मारा! बुड्ढे, औरतां... तुम हाथ नीचे करके भाग गए. वो सब बीच में खड़े तुम्हारेकू देख रहे थे."

"फिर?"

"पीछे से हारन आया, मैं पलट के देखा. फिर सामने देखा तो..." त्याचा आवाज एकदम उतरला. "कोई नै, अम्मा."

मेडिकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मी एकटीच होते. कोण खरं बोलत होतं, ती माणसं कोण होती, मला आजही सांगता येत नाही.

आता तिथं सिग्नल आहे, पट्टेही आहेत. तरी रस्ता ओलांडला की मी वळते आणि हात वर धरून उभी राहते. मुलगी चिडते, "आई, मागे कोणीच नाहीये. लोक बघतायत, चल ना!"

मी म्हणते, थांब गं जरा... येऊ देत त्यांना.