केवळाबाईची लाईन

माझ्या सासूला, केवळाबाईला, इंग्रजीतला एकच शब्द येत होता, लाईन. त्या एका शब्दावर बाई सगळा कारभार हाकायची. वीज गेली की "लाईन गेली." मुरुडची एस.टी. आली न्हाई की "ह्या लाईनीला गाड्याच न्हाईत." दीर मास्तर झाला तर "त्याची लाईन बरी हाय." पारावरच्या पोरानं कुणा पोरीकडं बघून केस फिरवले की, "मुडद्या, लाईन मारायलास व्हय?" आन् माझं काही चुकलं की, "सिंधू, लाईनीवर ये!" लई खवट बाई.

लातूर जिल्हा नवा झाला होता. जिल्हा आला, पाणी काही आलं न्हाई. दुष्काळात बोअर आटला, मग दिवसाआड सांजचा एक टँकर. बाया रोजगार हमीच्या खडीवर जायच्या, म्हणून सकाळीच घागर रांगेत ठेवायच्या. घागर उभी म्हंजे बाई उभी. राखण केवळाबाईची. एकदा सरपंचाच्या बायकोनं, गौरम्मानं, आपली घागर पुढं सारली. "मानाची हाय," म्हणाली. केवळाबाईनं ती उचलून पार शेवटाला नेली. "मान घरी. हितं लाईन!" त्या दिवशी गौरम्मा रिकामी घागर घेऊन गेली.

पुढच्याच आठवड्यात मी बाळंत झाले. सासू सकाळपासून माझ्यापाशी, त्यामुळं आमची घागर रांगेत लागलीच नव्हती. रांजण कोरडा, बाळाला न्हाऊ घालायला घोटभर पाणी न्हाई. टँकर आल्यावर बाया म्हणाल्या, "बाळंतिणीची घागर पुढं घ्या, कोण नाव ठेवतंय?"

"आज माझ्या सुनेची, उद्या कुणाच्या लेकीची. मग लाईन कशाला?" असं म्हणून सासूनं घागर सगळ्यांच्या मागं ठेवली. आमच्या आधी सात घागरी राहिल्या तवाच टँकर संपला.

ती रिकामी घागर घेऊन घरी आली. मला असा राग आला! बाजेवरनंच ओरडले, "आग लागो तुमच्या लाईनीला, आत्याबाई! लेकरू तुमचंच हाय न्हवं?" तिनं तीच घागर उचलली, चुंबळ डोक्यावर ठेवली आन् दीड कोसावरच्या झऱ्याला निघाली.

दारातच बाया भेटल्या. बाळंतिणीला बघायला कुणी रिकाम्या हातानं येत न्हाई, खोबरं आणतात, डिंक आणतात. त्या दिवशी ज्यांना ज्यांना पाणी मिळालं त्या सगळ्यांच्या हातात तांब्या. एकेक जण रांजणात ओतून माझ्यापाशी बसत होती.

शेवटी गौरम्मा आली, डोक्यावर अख्खी घागर. अर्धी ओतली, श्वास घेतला आन् केवळाबाईकडं बघून म्हणाली, "अकरावा नंबर होता. लाईनीतनंच भरलंय."

केवळाबाई उंबऱ्यावरच मटकन बसली, तोंडाला पदर लावून. तिला रडताना मी तेवढं एकदाच बघितलं.